म्हशीला सांगितलेला निरोप

मागच्या आठवड्यात तेर गावातल्या आमच्या घरात अबोला चालू होता. मी ह्यांची गंजलेली सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली आणि म्हातारा माझ्याशी बोलायचाच बंद झाला. मीही काय कमी नाही... (लिहितेय सूनबाई, बोलतेय मी. अक्षरांशी माझं कधी जमलंच नाही.)

पण अबोल्यानं संसार थांबतो होय? ह्यांना काही सांगायचं असलं की म्हशीला सांगायचे. मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

त्या सकाळी मी गोठ्याच्या उंबऱ्यावर चहा ठेवला आणि मागं वळले. बऱ्याच वेळानं सूनबाई शेण काढायला गेली आणि ओरडलीच... हे गव्हाणीला टेकून बसलेले, तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात लोंबतोय. बोलायला जातात तर नुसता आवाज.

शेजारीण म्हणाली, "अंगावरनं वारं गेलंय, तेल चोळा." सूनबाई म्हणाली, "तेल ऱ्हाऊ द्या, आधी गाडी बघा." धाराशिव येईपर्यंत मला जीपमध्ये बसवेना. सारखा ह्यांचा हात उचलून बघत होते... पडतच होता.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. आजी, हे शेवटचं नीट कधी बोलले?"

"माझ्याशी? माझ्याशी तर लई दिस झालं बोललेच न्हाईत!"

सूनबाईनं कपाळावर हात मारला. आणि तेवढ्यात मला आठवलं. मी चहा ठेवून वळले तेव्हा हे म्हशीला म्हणाले होते, "सांग गं तुझ्या मालकिणीला, चा लई गोड झालाय." एकेक शब्द स्वच्छ. तेव्हाच धाराशिवची एसटी स्टँडवर हॉर्न देत होती.

डॉक्टरीणबाई म्हशीला हसल्या नाहीत. सूनबाईनं एसटीची वेळ सांगितली, त्यांनी घड्याळ बघितलं. "वेळेत आहोत. पण आजी, ह्या इंजेक्शननं डोक्यात रक्तस्रावही होऊ शकतो. देऊ?" मी अंगठा पुढं केला. कागदावर उठवला, त्यांनी इंजेक्शन दिलं.

मग नुसती येरझारा. बाकावर बसले, उठले, काचेतनं डोकावले, परत बसले. सिस्टर म्हणाली, "आजी, एका जागी बसा की!" म्हटलं, "तू बस बाई माझ्या वाटणीचं."

दुपार कलल्यावर आत बोलावलं. ह्यांची बोटं हलत होती. माझ्याकडं न बघता, सलाईनच्या बाटलीला अडखळत म्हणाले, "सांग तिला... म्हशीला... पाणी..."

मीही बाटलीलाच म्हटलं, "सांग त्यांना, शेजारीण पाजतीय. आन सायकल काय परत येत न्हाय." तोंड अजून वाकडंच होतं, पण म्हातारा हसला... आणि मी त्यांच्या खाटेजवळ एका जागी बसले.

हात अजून जड आहे, व्यायाम चालू आहे. तुमच्या घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर तेलाची बाटली शोधू नका, गाडी शोधा. आणि अबोला खुशाल धरा... कान तेवढे त्या माणसाकडं असू द्या.