पंख्याचा आवाज

“पंखा फिरतोय ना? मग झालं!”

“फिरतोय हो बाबा! नुसता फिरून काय उपयोग? शहाण्णव अंश! एक फाइलसुद्धा उघडलेली नाही, आणि प्रोसेसर शहाण्णववर!”

“तुझ्या आईचं डोकं याहून गरम असतं. ती कधी बंद पडलीय का?”

“मी इथेच आहे हं,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“विनोद नकोत. सकाळपासून तीनदा बंद पडलाय. आता चौथ्यांदा...”

लेकीचं वाक्य पुरं व्हायच्या आत स्क्रीन काळी झाली. तिने दोन्ही हात हवेत उडवले. “घ्या. झाला गार.”

बाबांनी सवयीने कान पुढे केला. थांबत थांबत पंखा निमाला. खरखर नाही, लटपट नाही. “पंखा एक नंबर आहे,” ते म्हणाले. “दोष तुझ्या त्या प्रोग्रॅममध्ये असणार.”

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. एकतीस वर्षं एकाच कंपनीत काढलेली. तिथे त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, कानमास्तर म्हणत. मोटर कुरकुरली की ते स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. “बेअरिंग. डावीकडचं. अजून महिनाभर काढेल.” मोटर खोलली की डावंच बेअरिंग खराब निघायचं. घरात मिक्सरपासून नळापर्यंत सगळ्याचं निदान कानानेच. आईच्या पावलांवरून आज बोलणी खावी लागणार की नाही, तेही त्यांना कळत असे.

हा कॉम्प्युटरही त्यांनीच जोडला होता, अकरा दिवसांपूर्वी, जेवणाच्या टेबलावर. लेक बिल्डर लोकांसाठी न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायची आणि त्याला दणकट मशीन लागायचं. सुटे भाग आले तेव्हा ती स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलीही होती. बाबांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. “एवढ्या लिफ्टा उभ्या केल्या मी, हा डबा काय चीज आहे? तू फक्त बघ.” तिने बघितलं, पण त्यांच्या हातांकडे नाही, कौतुकाने चेहऱ्याकडे.

“उघडते मी,” आता ती म्हणाली.

“उघड. धूळ सापडली तर सांग.”

तिने कॅबिनेट आडवं केलं, बाजूचा पत्रा काढला. धूळ नव्हती. प्रोसेसरवर बसवलेल्या कूलरचे चारही स्क्रू घट्ट होते. तारा जिथल्या तिथे, पंख्याची सरळ विजेला जोडलेली, म्हणजे वेग कायम एकच. बाबा खुर्चीवर मागे रेलून बसले होते, परीक्षा घेणाऱ्यासारखे. “उष्णता ओढून घेणारी ती पेस्ट मी वाटाण्याएवढीच लावली होती. कमी नाही, जास्त नाही.”

“तेच बघते.”

तिने स्क्रू सोडवले आणि कूलर हलकेच पिळून वर उचलला. उलटा केला. आणि तळाशी नाक नेलं.

“काय गं?”

“बाबा, खालचं प्लास्टिक नाही काढलंत.”

“कसलं प्लास्टिक?”

तिने नखाने कोपरा उचलला. कूलरच्या तळाला पातळ, पारदर्शक पापुद्रा चिकटलेला होता. धातू आणि प्रोसेसर यांच्या मधोमध. अकरा दिवस सगळी उष्णता त्या पापुद्र्यावर डोकं आपटत होती.

“हात्तिच्या!” बाबा हसले. “एवढंच? राहून गेलं असेल. पारदर्शक असतं ते, कोणाला दिसणार?”

लेक हसली नाही. तिने पापुद्रा सोलला, पेस्ट पुसली आणि तो त्यांच्यासमोर धरला.

“यावर लिहिलंय. वाचा.”

“चष्मा कुठाय माझा...”

“डोळ्यांवरच आहे.”

बाबांनी पापुद्रा हातात घेतला. डोळ्यांसमोर धरला, मग तोंड थोडं वळवून कडेने बघितलं, कोंबडी दाण्याकडे बघते तसं. खिडकीकडे केला. स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं.

“कंपनीचं नाव आहे,” ते म्हणाले.

“लाल अक्षरांत लिहिलंय, बाबा. माझ्या नखाएवढी अक्षरं आहेत. ‘बसवण्यापूर्वी काढा.’”

लेक मान वळवून दाराकडे बघू लागली. आई तिथे ओले हात पुसत उभी होती. आधीच कोरडे झालेले हात पुन्हा पुन्हा पुसत.

“आई, तुला माहीत होतं?”

“दोन वर्षं झाली,” आई म्हणाली. “नजरेच्या मधोमध डाग दिसतो म्हणाले. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. कामाचे फॉर्म मीच वाचून दाखवते.”

“आणि मला कोणी...”

“तू आधी ते बसव,” बाबा मध्येच म्हणाले. आवाज नेहमीचाच, हुकमी. “बसव आणि चालू कर. प्लास्टिकचंच होतं की अजून काही, ते कळू दे.”

तिने प्रोसेसर पुसला, नवी पेस्ट लावली, कूलर टेकवला, तिरप्या जोडीने स्क्रू आवळले. बटण दाबलं. सेटिंगच्या स्क्रीनवर आकडा आला. ती बघत राहिली. दोन मिनिटं गेली, पाच गेली.

“किती?” बाबांनी विचारलं. आज त्यांनी पहिल्यांदाच आकडा विचारला होता.

“अडतीस.”

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. कान पंख्याशी नेला. डोळे मिटले.

“काय ऐकताय?”

“आवाज तोच आहे,” ते म्हणाले. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. “शहाण्णवला होता तोच. तसूभरही फरक नाही.”

लेकीला आधी वाटलं, पंख्याचंच बोलतायत. मग तिला त्यांच्या लिफ्टा आठवल्या.

“बाबा, गुरुवारी तुम्ही कुठे होतात?”

“नऊ मजली. नदीकडची.”

“काय काम होतं?”

“ब्रेकची लायनिंग बदलली, झिजली होती.”

“त्यात केसभर फट ठेवतात ना, चुकली तर ब्रेक नीट धरत नाही? तुम्हीच दाखवलं होतं मला लहानपणी. त्या पोलादी पट्ट्या, आकडे कोरलेल्या. योग्य आकड्याची पट्टी मध्ये सरकवून बघायची.” तिने श्वास घेतला. “किती फट ठेवलीत?”

बाबांनी शर्टाच्या खिशातला पट्ट्यांचा जुडगा चाचपला. तो नेहमी तिथेच असायचा.

“ऐकली,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“ब्रेक सुटताना टक्‌ होतं. फट बरोबर असली की एक आवाज, जास्त असली की दुसरा. दोन वर्षं असंच करतोय. एकदाही तक्रार नाही.”

“माझ्याही पंख्याची तक्रार नव्हती.”

बाबांनी फोन काढला. एक बटण दाबून धरलं. कामाच्या प्रत्येक इमारतीसाठी एकेक बटण आईने लावून दिलेलं होतं. मग दुसरीकडच्या माणसाला म्हणाले, “वॉचमन? मी बोलतोय. लिफ्टमध्ये कोण असेल त्याला उतरव आणि मेन स्विच पाड. हो, आत्ताच. नवव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना जिना चढवत नसेल तर खुर्ची दे खाली. मी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.”

फोन ठेवून त्यांनी आपली बोटं डोळ्यांसमोर धरली. ही तीच बोटं, जी लिफ्टच्या काळोख्या शाफ्टमध्ये दोर चाचपून कोणती तार तुटलीय ते सांगायची.

आई पुढे आली. “अहो, हिला घेऊन जा. ही आकडा वाचेल, तुम्ही पाना चालवा. तासाभराचं काम. कोणाला कळणार आहे?” मग लेकीकडे वळून, “जाशील ना गं? तीन वर्षं राहिलीत त्यांची रिटायर व्हायला. फक्त तीन.”

“जाते की,” लेक म्हणाली. “आज मी वाचते.”

बाबांनी मान वर केली. चेहऱ्यावर क्षणभर सुटका दिसली.

“पण परवाच्या बारा मजलीत कोण वाचणार, बाबा? आणि दोन वर्षांत झाल्या त्या सगळ्यांचं काय? तुमच्या साहेबांना सांगणार आहात की नाही?”

कॉम्प्युटरचा पंखा एकसुरात फिरत होता. बाबांनी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली. दारामागचा ‘लिफ्ट बंद आहे’ लिहिलेला पत्रा काढून काखेत मारला. पट्ट्यांचा जुडगा खिशातून काढला, लेकीसमोर टेबलावर ठेवला, “साहेबांना तिथेच बोलावतो,” म्हणाले, आणि भिंतीला हात लावत, पायऱ्या मोजत खाली उतरून गेले.