शाळेतला राज्यवृक्ष

गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि डिचोलीकडच्या आमच्या शाळेत हेडगुरुजींना राज्यचिन्हांचं वेड लागलं होतं. राज्यप्राणी गवा, राज्यपक्षी बुलबुल, राज्यवृक्ष माट्टी, म्हणजे आपला ऐन. तालुक्याच्या प्रश्नमंजूषेसाठी मी सगळं घोकून बसले होते. माझ्याइतकं वर्गात कुणालाच येत नव्हतं, हे गुरुजींनाही माहीत होतं.

तरी त्यांनी माझं नाव खोडलं. आईवडील सिंधुदुर्गातून खाणीवर आलेले, एवढाच माझा गुन्हा. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तूं भायली. गोंयचीं चिन्नां गोंयकारान सांगपाचीं." भायली, म्हणजे बाहेरची. मी खाली बसले. रडले नाही, पण दात इतके आवळले की जबडा दुखला.

आठवड्याने हेच गुरुजी गोड बोलत आले. पाहुण्यांच्या हस्ते शाळेत राज्यवृक्ष लावायचा होता आणि रोप कुणीतरी आणून द्यायला हवं होतं. चतुर्थीत गणपतीवर माटोळी बांधतात, तिच्यात टांगायच्या रानफळांसाठी माझी आई डोंगर पालथा घालायची. माट्टीची फळं गुरुजी दरवर्षी तिच्याकडूनच न्यायचे. झाड मात्र त्यांनी जन्मात निरखलं नव्हतं.

मी डोंगरावर गेले. माट्टीच्या रोपाशेजारीच काजरा, म्हणजे कुचला, उगवला होता, कडूजहर. मी काजरा मुळासकट काढला आणि माट्टी म्हणून गुरुजींना नेऊन दिला.

पाहुण्यांनी माती लोटली, टाळ्या पडल्या, पाटी लागली. आईने जाता-येता पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "गो, हो काजरो मा?" मी तिला गप्प बस म्हटलं. ती गप्प बसली. तिनेही 'भायली' पुष्कळ वेळा ऐकलं होतं. गावातल्या जाणत्यांनी ओळखलं असेलच, पण गुरुजींना कोण सांगणार?

त्या वर्षीची बाकीची रोपं शेळ्यांनी फस्त केली. काजऱ्याला शेळीही तोंड लावत नाही, त्यामुळे तो तेवढा वाढला. गुरुजी दरवर्षी नव्या पोरांना त्याच्यापुढे उभं करून राज्यवृक्ष शिकवायचे. मी कुंपणाबाहेरून ऐकायचे. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग एका वर्षी झाडाला गोल नारिंगी फळं धरली. माट्टीचं पंखवालं फळ तर घरोघरच्या माटोळीत टांगलेलं असायचं. आता शेंबडं पोरही फरक सांगू लागलं आणि सगळं गाव हसलं. गुरुजी तडक आमच्या दारात आले.

"तुका खबर आशिल्लें?"

"आशिल्लें," मी कबूल केलं. "पूण गोंयचीं चिन्नां गोंयकारान सांगपाचीं न्हय, गुरुजी?"