मम्मीच्या आवाजात उचललेला फोन

आमच्या गल्लीत हळू कोणीच बोलत नाही. दोन्ही बाजूला पॉवरलूम, दिवसभर खटखट, त्यामुळे ‘चहा घेणार का?’ हेसुद्धा भांडल्यासारखं विचारावं लागतं. शुक्रवारी तेवढी लूमला सुट्टी. माझी मम्मी समुपदेशक आहे, लोकांचं ऐकून घेणं हेच तिचं काम. म्हणून शुक्रवारची दुपार तिच्या फोनांची.

आणि मी नकला करते. शाळेत मॅडमची नक्कल करताना मॅडमनीच पकडलंय. रिक्षावाल्याच्या आवाजात ‘चलो शनवारा, एक सवारी!’ म्हटलं की खरोखरचे लोक वळून बघतात. मम्मी तर सगळ्यात सोपी. मान तिरकी, आवाज मऊ आणि ‘हं…’ बस्स, झाली मम्मी.

त्या शुक्रवारी मम्मी फोन खालीच ठेवून छतावर कुरडया उलटायला गेली होती. फोन वाजला. मला वाटलं मावशीच असेल, जरा मजा घेऊ.

“हं, बोला.” एकदम मम्मी.

“ताई, आज घरी कोणी नाहीये. आज सांगूनच टाकते.”

मावशी नव्हती. त्याच क्षणी सांगायला पाहिजे होतं. पण तोंडातून निघालं, “हं…” आणि ती बाई बोलत सुटली. काय बोलली ते इथे लिहिणार नाही. तिच्या तान्ह्या बाळाबद्दल होतं, एवढंच. बोलता बोलता रडायला लागली अन् विचारलं, “ताई, मी वाईट आई आहे का हो?”

मम्मीचा ‘हं’ मला येत होता, त्याच्या पुढचं काहीच येत नव्हतं.

“मी ताई नाही. त्यांची मुलगी आहे. चुकलं माझं…”

फोन कट.

मम्मी खाली आली. मी हसत हसत सांगायला सुरुवात केली, पण तिने कूलर बंद केला, समोर बसली, तर मला रडूच आलं. मध्ये एकदाच बोलली, “ती काय म्हणाली ते तिचं तिलाच सांगू दे. तू तुझं सांग.” मग तिने दोनदा फोन लावला. बंद.

“आता?”

“आता वाट बघायची. तिच्याही घरात लूम आहेत. शुक्रवारशिवाय तिला बोलता येत नाही.”

“तू ओरडत का नाहीस मला?”

“अजून घाबरलेली आहेस बेटा. ती भीती जाऊ दे, मग ओरडते.”

रविवारी ओरडली. व्यवस्थित, पूर्ण.

आठवडाभर मी कोणाचीच नक्कल केली नाही. शेजारच्या काकूंनी तर विचारलं, “ताप-बीप आहे का गं?” माझ्या डोक्यात एकच, माझ्यामुळे ती बाई आता कोणालाच काही सांगणार नाही.

पुढच्या शुक्रवारी लूम थांबले. दोन वाजता फोन वाजला. मम्मीने उचलला, थोडा वेळ ऐकलं आणि माझ्यापुढे धरला. “तुझ्याशी बोलायचंय म्हणते.”

“कोणाला सांगितलं का तू?”

“नाही. मम्मीलापण नाही, खरंच.” हा माझाच आवाज होता, चिरका.

ती म्हणाली, “नकला चांगल्या करतेस, पण थापड खाशील एक दिवस. दे लवकर ताईंना, बाळ झोपलंय तोवर बोलून घेते.”

इतकं हलकं वाटलं मला! फोन दिला, दार लोटलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तेवढ्यात कुल्फीवाला घंटी वाजवत आला. त्याला तोंडातून चकार शब्द न काढता, नुसत्या हातानेच पुढे पिटाळलं.