मांडवात पेटी नव्हती

आईला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा औशाहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पुण्यानुमोदनाला आईचा आवाज लावायचाय. माझ्या लग्नात ती बुद्धवंदना म्हणत होती बघ. तेवढं टीव्हीवर चालंल असं करून दे."

नांदेडला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग यात केस पिकले. तिच्या लग्नाचं शूटिंगही मीच केलं होतं. म्हणालो, "त्यात काय, अर्ध्या तासाचं काम हाय."

आईचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता. तिनं शेवटपर्यंत बटणाचा फोन वापरला. कुणी मोबाईल समोर धरला की पदर तोंडावर ओढून म्हणायची, "मेल्या, कामधंदा न्हाई का तुला?" जे काही होतं ते त्या एका डीव्हीडीत.

डीव्हीडी आली ती ओरखडे घेऊनच. कॉपी करायला लावली की अर्ध्यात थांबायची. मऊ फडक्यानं, टूथपेस्ट लावून, मधून कडेकडे पुसली. तिसऱ्या कॉम्प्युटरवर एकदाची उतरली. मग ती फाईल टीव्हीला चालेल अशी बदलायला घेतली, तर पहिल्या खेपेला चित्र आलं, आवाज नाही. दुसऱ्या खेपेला आवाज आला, पण कुणी हात हलवला की हाताला करवतीसारखे दाते फुटायचे. तेही काढले. मग आवाज मागं पडायला लागला. सुरुवातीला नीट, आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत येता येता चार-पाच मिनिटांचा फरक. माझं डोकं मुळात तापट. माऊस असा आपटला की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

दोष शेवटी सापडला. आपल्याकडच्या शूटिंगमध्ये सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, सॉफ्टवेअर तीस धरून बसलं होतं. दुरुस्त केलं आणि खात्री करायला भाषणांवर गेलो. आमच्याकडं लग्नात भाषणं असतातच. बाकी सगळ्यावर आम्ही गाणी चढवायचो, पण पाहुण्यांची भाषणं मूळ आवाजात ठेवायची, नाहीतर पाहुणे घरी येऊन भांडायचे. भाषणात ओठ आणि शब्द तंतोतंत जुळत होते. चला, सुटलो म्हटलं.

मग वंदनेवर आलो, तर तिथं जुळेना. आवाज अर्धा सेकंद पुढं घेतला, मागं घेतला. नवरदेवाचे ओठ जुळवले की बहिणीचे सुटायचे, आणि आईचे तर कशातच बसायचे नाहीत. दोन दिवस मी त्या पाच मिनिटांत अडकलो. सॉफ्टवेअर बदललं, फाईल पुन्हा उतरवली, सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बहीण रोज फोन करायची, "झालं का रे?" मी म्हणायचो, "फाईलमध्येच गडबड हाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी कानाला हेडफोन लावून बसलो. त्रिशरण दुसऱ्यांदा सुरू झालं आणि आवाजाखाली पेटी वाजली. बारीक, पण पेटीच. मांडवात पेटी नव्हती. ती पेटी माझ्या जुन्या कॉम्प्युटरमधली होती.

त्या काळी आम्ही सगळे मिक्सिंगवाले असंच करायचो. लग्नातली वंदना म्हणजे कुणी वर, कुणी खाली, मधेच पोराचं रडणं, माईकची शिट्टी. म्हणून एक स्वच्छ रेकॉर्ड केलेली वंदना कायम तयार ठेवायची आणि प्रत्येक लग्नावर तीच चढवायची. लोक खूष व्हायचे. लग्नाच्या शूटिंगमध्ये ओठ कोण बघतं?

पण बहिणीच्या लग्नात सवयीनं झालं, असं म्हणून मला सुटता येत नाही. आठवलं सगळं. आई अंगणवाडीत मदतनीस होती. वंदना म्हणताना कामावर जायची घाई असल्यासारखी सगळ्यांच्या पुढं पळायची, आणि आवाज असा खणखणीत की माईकलाही तीच ऐकू यायची. मिक्सिंग करताना मला तिचा राग आला होता. हे माझं काम दहा जण बघतील, म्हणतील, ह्याची आई बघा. तिचा आवाज मी माझ्या हातानं पुसला. मूळ कॅसेटवर पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याचं लग्न घेतलं.

हे फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही. औशाला गेलो. बहीण गहू निवडत होती. उभ्यानंच सगळं सांगितलं.

तिचा हात थांबला. "तुला आईची लाज वाटली."

"हाव," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिनं ताटातले दोन-चार खडे वेचून टाकले. मग ताट बाजूला सारून म्हणाली, "ती पेटी काढ. नुसती आई दाव. आवाज आम्ही देऊ."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. टीव्हीचा आवाज मी पूर्ण बंद केला. पडद्यावर आईचे ओठ हलायला लागले तशी बहिणीनं वंदना धरली, मग मावशी, मग सगळेच. मीही म्हणत होतो. आई पुढं होती. तिला गाठायला बहिणीनं घाई केली, मावशीची धाप लागली, तरी ती पुढंच.

आमचं तिसरं शरण अजून तोंडात होतं, तोवर तिचं म्हणून झालं. पडद्यावर हात जोडून ती कॅमेऱ्याकडं बघत थांबली. तो कॅमेरा माझ्या खांद्यावर होता.