मोहाचं झाड कुणाचं

चंद्रपूरच्या बाजारात वाळत्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला की मला माझ्या ब्लॉगमधली एक चुकीची ओळ आठवते. तेव्हा मी एटापल्लीकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते. आठवडाभर लसीकरण, रविवारी कुणाचं तरी बारसं नाहीतर साखरपुडा, त्यामुळे ब्लॉग लिहायचा तो बसमध्येच, मोबाईलवर. अशाच घाईत एकदा लिहून टाकलं की जंगलातली मोहफुलं कुणाचीच नसतात, जो आधी येईल त्याची. ते वाचून पुढच्या रविवारी सकाळी दोन मैत्रिणी पिशव्या घेऊन आल्या. साखरपुड्याला जायच्या आधी तासभर वेचू म्हणून आम्ही गावाजवळच्या एका मोहाच्या झाडाखाली बसलो. पडलेली फुलं नीट वेचता यावीत म्हणून पाला जाळून कुणीतरी जागा साफ केली होती, तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तेवढ्यात टोपली घेऊन एक बाई आली. “सिस्टरबाई, हे झाड माह्या सासूचं, आता माह्यं. इथी एकेका झाडाले घर हाये.” मी तिला माझी ओळ वाचून दाखवली. तिने शांतपणे विचारलं, “कोणाले इचारून लिवलं?” मी म्हटलं, कुणालाच नाही. “मंग आता इचारा.” मैत्रिणींनी पिशव्या तिच्या टोपलीत रिकाम्या केल्या आणि त्या साखरपुड्याला गेल्या. मी तिथेच बसून, ती वेचता वेचता सांगत गेली तसा, सगळा लेख नव्याने लिहिला. आजही नोकरी आहे, आमंत्रणं आहेत, आणि ब्लॉग उशिरा निघतो. या आठवड्यात लेख काऊन नाई, असं वाचक विचारतात तेव्हा मी बिनधास्त सांगते, अजून इचारून राह्यली.