डाव्या हाताची गुळपोळी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचा वर्ग मला चाळिशी उलटल्यावर मिळाला, तोही शारजात आणि अरबीतून. आमच्या इमारतीसमोर मुलींची सरकारी शाळा होती आणि संध्याकाळी तिथे मोठ्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा. खिडकीतून मला त्या दिसायच्या. अंगभर काळे झगे, म्हणजे अबाये, हातात लहान मुलांची पुस्तकं. एक दिवस मी रस्ता ओलांडला आणि आत गेले.

घरी हसले. मुलगा म्हणाला, "आई, अरेबिक? व्हाय? इथे सगळे हिंदी बोलतात."

आमचे हे म्हणाले, "शिकायचंच तर इंग्लिश शिक. उपयोगी पडेल."

मी म्हटलं, "इंग्लिश बोलणारे घरात दोघं आहेत. त्यातला एकही माझ्याशी बोलत नाही."

मुख्याध्यापिका तिथलीच होती. तिला हिंदी चांगलं यायचं. तिने मला नीट बसवून सांगितलं की वर्ग इथल्या बायकांसाठी आहे. महिनाभर बसून बघ. महिन्यानंतर वर्गातल्या एखादीने तुझी जबाबदारी घेतली, ही माझ्याबरोबर आहे असं मला येऊन सांगितलं, तर राहा. नाहीतर खलास. यांना कळलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे तुलाही कफील लागणार." त्या देशात कुणीतरी इथला माणूस आपला जामीन असल्याशिवाय परक्याला राहता येत नाही. यांचा व्हिसा तसाच होता. मला वर्गात बसायलाही कफील हवा होता.

मी मागच्या बाकावर बसायचे. शिकवणाऱ्या बाई इजिप्तच्या, आवाज खणखणीत. अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात, एवढंच सुरुवातीला डोक्याला जड गेलं. बाकी मला पाटी-पेन्सिलची सवय होती. इतर बायकांना नव्हती, म्हणून माझं अक्षर त्यांच्यापेक्षा बरं यायचं. बाई माझी वही सगळ्यांना दाखवायच्या. त्याने मैत्री होत नाही, उलट जी व्हायची तीही राहून जाते.

पुढच्या बाकावर एक म्हातारी बसायची. नाकावर आणि कपाळावर सोनेरी चमकणारा मुखवटा, जुन्या बायका घालायच्या तसा. मरायच्या आधी कुराण स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, एवढ्यासाठी ती आली होती. वर्ग तिच्या शब्दाबाहेर नव्हता. मला ती 'हिंदिया' म्हणायची, म्हणजे हिंदुस्थानातली बाई. बाकीच्याही तेच म्हणायला लागल्या.

तिथे तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी, म्हणून बुधवारी आठवडा संपायचा. त्या दिवशी मधल्या सुट्टीत बायका घरून मोठी परात आणायच्या, भात आणि वर मासे. सतरंजीवर गोल बसून सगळ्या एकाच परातीत जेवायच्या. सुरुवातीचे बुधवार मी पोट बिघडल्याचं सांगून टाळले आणि बाजूला बसून बघितलं. दुसऱ्याचं उष्टं आमच्यात खात नाहीत. पण बघता बघता लक्षात आलं की प्रत्येकीचा हात आपल्या पुढच्या भातातच जातो. दोघींच्या मध्ये भाताचा बांध तसाच उभा राहतो. मग यात उष्टं काय? महिन्यातल्या शेवटच्या बुधवारी मी बसले. डब्यात गुळपोळ्या नेल्या होत्या.

भात छान होता. म्हातारी माझ्या शेजारी होती. दोन घास खाऊन झाल्यावर तिने माशाचा मोठा तुकडा घेतला, बोटांनी काटे काढले आणि माझ्या पुढच्या भातावर ठेवला. तीच बोटं आत्ताच तिच्या तोंडात गेली होती. मी तो तुकडा हळूच कडेला सरकवला आणि आपला भात खात राहिले. तिने बघितलं.

थोड्या वेळाने तिने माझ्या डब्याकडे हनुवटी केली. मोडकंतोडकं हिंदी तिलाही यायचं. "हिंदिया, ये क्या है?"

मी डबा जवळ ओढला आणि चांगली, तूप लावलेली गुळपोळी काढून तिच्यापुढे धरली. डाव्या हाताने.

म्हातारीने हात मांडीवर ठेवला. पलीकडची एक तरुण बाई हिंदीत म्हणाली, "उल्टे हाथ से? उस हाथ से हम लोग बाथरूम में धोते हैं."

मी माझ्या हिंदीत म्हटलं, "आम्हीही धुतो. पण हा उजवा बघा, खरकटा आहे. तोंडात गेलेल्या हाताने दुसऱ्याला वाढतात का? आमच्या घरी असं वाढलं तर सासू ताट सरकवते."

तिने ते अरबीत सांगितलं. म्हातारीने मुखवट्याआडून माझ्याकडे बघितलं, मग परातीच्या कडेला पडलेल्या माशाकडे.

"अच्छा," ती म्हणाली. "मतलब मेरा हाथ गंदा."

"तुझा नाही. जेवतानाचा कुठलाही. माझासुद्धा."

"अन्न लागलं म्हणून हात घाण होतो?" तरुण बाई म्हणाली. "आमच्यात अन्न लागलेला हात सगळ्यात चांगला."

समजावत बसायचा माझा स्वभाव नाही. महिना संपला होता आणि आज मी उठून गेले असते तर शनिवारी मुख्याध्यापिकेपुढे माझ्यासाठी कुणी तोंड उघडलं नसतं, हे मला कळत होतं. मी उठले. नळावर जाऊन उजवा हात साबणाने धुतला, पुसला, परत येऊन बसले. डब्यातून दुसरी गुळपोळी काढली आणि उजव्या हाताने तिला दिली. तिच्याही हिशेबाने बरोबर आणि माझ्याही.

तिने घेतली. मुखवटा जरा वर उचलून एक घास खाल्ला, चावला. मग उरलेल्या पोळीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढे ठेवला. खरकट्या हाताने, मुद्दाम. आणि बघत बसली. सगळ्याच बघत होत्या.

मी तो तुकडा उचलून खाल्ला. मग कडेचा मासाही ओढून घेतला आणि तोही खाल्ला. उष्टं होतं. मला काही झालं नाही.

"गूळ कम है," म्हातारी म्हणाली.

"गूळ बरोबर आहे," मी म्हटलं. "तुम्हाला खजुराची सवय आहे."

तरुण बाईने हे अरबीत सांगितल्यावर बायका हसल्या. म्हातारी हसली नाही, तिने डबाच आपल्याकडे ओढून घेतला.

शनिवारी मुख्याध्यापिका वर्गात आली आणि माझ्याबद्दल विचारलं. म्हातारी जागेवरून उठली नाही. अरबीत एक वाक्य बोलली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात आपटला. मी दप्तर उचलून पुढच्या बाकावर गेले. घरी आल्यावर यांनी विचारलं, "मिळाला का कफील?" मी म्हटलं, "मिळाला. तुमच्या कफीलपेक्षा जुना आहे."

दोन वर्षं आम्ही शेजारी बसलो. तिने कुराण वाचलं, मी दुकानांच्या पाट्या. दर बुधवारी परात मांडली की म्हातारी आधी माझ्यासाठी मासा सोडवायची, पहिला घास घ्यायच्या आधी, हात स्वच्छ असताना. काटे काढून माझ्या पुढच्या भातावर ठेवायची आणि मगच स्वतः जेवायला लागायची. मी तो मासा खायचे.