न कापलेली पानं

नव्वदच्या दशकात, बडोद्यात एम.ए.ला असताना, तिथल्याच एका म्हाताऱ्या लेखकाच्या कादंबरीवर मी समीक्षा लिहिली. 'शेवट कृत्रिम वाटतो' असं त्यात ठणकावलं. हे वाक्य कुठल्याही कादंबरीला चालतं.

सरांनी खोलीत बोलावलं. टेबलावर मी ग्रंथालयातून नेऊन परत केलेली प्रत होती, जुन्या पद्धतीची, जोडपानं वाचकानेच कापायची. चाळिसाव्या पानापुढे सुरी लागलेलीच नव्हती.

"शेवट फटीतून वाचलात वाटतं?"

मी प्रत हळूच पालथी घातली.

"तुमची समीक्षा मी परवाच लेखकांना दिलीय. टीकेचं त्यांना काही वाटलं नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं, म्हणून आनंदात आहेत. रविवारी तुम्हाला जेवायला बोलावलंय."

मी गेलो. खरं काही सांगितलं नाही. श्रीखंड मात्र दोनदा वाढून घेतलं.